वन्सं, खो-खो आणि महालीग

माझ्या थोरल्या वन्संइतकं धुळीवर प्रेम करणारी बाई साऱ्या जर्मनीत दुसरी सापडायची नाही, आणि नेमकी हीच बाई नोकरी करते ती अशा जागी, जिथं धुळीचा एक कण दिसला तरी चौकशी बसते. ड्रेस्डेनमधल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्या प्रोसेस इंजिनिअर आहेत. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, उघडे फक्त डोळे, आणि आत येणारी हवासुद्धा गाळून घेतलेली. शिफ्ट संपली की वन्सं ट्रामनं थेट एल्बे नदीकाठच्या कुरणावर येतात, बूट काढतात, वाकून मूठभर माती उचलतात, दोन्ही तळव्यांवर चोळतात, एक खोल श्वास घेतात आणि जमलेल्या विद्यार्थ्यांना म्हणतात, "हं, बसा रे खाली." मग खो-खो सुरू होतो. दिवसभरात त्यांनी घेतलेला पहिला खरा श्वास तोच असावा, असं मला नेहमी वाटतं.

नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला 'वन्सं' म्हणणारी मी आमच्या मैत्रिणींतली शेवटचीच असेन. लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं ते थट्टेनं. त्यांनी इतक्या गंभीरपणे "काय गं?" म्हणून ओ दिली की तो शब्द मला परत घेता आला नाही. आमचे हे त्यांना ताई म्हणतात. आमची मुलगी आत्या म्हणते आणि पुढचं सगळं वाक्य जर्मनमध्ये बोलते. विद्यार्थी काकू म्हणतात, पण मैदानाबाहेरच. मैदानात कुणी काकू म्हटलं की वन्सं शिट्टी वाजवतात आणि बजावतात, "इथं काकू नाही. काकू बसलेल्या असतात." मूळच्या त्या सांगली जिल्ह्यातल्या. शाळेत खो-खो, कॉलेजात खो-खो, मग विद्यापीठाच्या संघात खो-खो, आणि यातून जो थोडाफार वेळ उरला त्यात इंजिनिअरिंग, असा त्यांचा स्वतःचा हिशोब आहे. जर्मनीत येऊन वीसेक वर्षं झाली तरी त्यांचं बोलणं तिकडचंच राहिलं आहे. "काय करतीस?", "बघ की." जर्मन बोलतानाही तोच सूर. समोरच्या जर्मन माणसाचं म्हणणं पटलं की त्या "गेनाऊ की" म्हणतात. त्यांच्या खात्यातले दोन सॅक्सन, म्हणजे इथल्याच सॅक्सनी प्रांतातले, सहकारीही आता "गेनाऊ की" म्हणायला लागले आहेत, आणि हा शब्द आपण कुठून उचलला याचा त्यांना पत्ता नाही.

माणूस भेटला की त्याचं नाव, गाव, शिक्षण या गोष्टी वन्संना नंतर कळतात. आधी त्याचे गुडघे कळतात. आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला आलेल्या माझ्या साहेबांना त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही नेहमी उजव्या पायावर उठता. डाव्याची सवय करा, वेळेला उपयोगी पडेल." कसल्या वेळेला हे साहेबांनी विचारलं नाही, पण त्या दिवशी ते टेबलावरून उठलेच नाहीत, मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागून घेतलं. माझ्या परवान्याचं काम होतं तेव्हा वन्सं माझ्यासोबत परदेशी नागरिकांच्या कचेरीत आल्या होत्या. सकाळपासून रांग, माझा नंबर अगदी तोंडावर आलेला. तेवढ्यात काचेचं दार बंद होताना एक मुलगी अंग तिरकं करून, दाराला स्पर्शही न करता, त्या फटीतून आत आली. वन्संनी माझा हात धरला. "पाहिलंस?" त्या म्हणाल्या, आणि माझी फाईल घेऊनच त्या मुलीच्या मागे गेल्या. माझा नंबर पुकारला गेला तेव्हा फाईल मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मला नवी तारीख मिळाली आणि वन्संना संघाची कप्तान मिळाली. ती सायली. पुण्याची, इथं डॉक्टरेट करायला आलेली. आन्या सापडली ती सुपरमार्केटच्या गल्ल्यावर. शिकता शिकता तिथं काम करणारी ही सॅक्सन मुलगी ज्या वेगानं सामान पुढं सरकवत होती तो पाहून वन्संनी मागच्या रांगेची पर्वा न करता तिला विचारलं, "एका गुडघ्यावर बसता येतं का?" आन्यानं आधी दाराजवळच्या रखवालदाराकडे पाहिलं, मग वन्संकडे, मग त्यांच्या पिशवीतल्या कोबीकडे. पुढच्या रविवारी ती कुरणावर हजर होती.

खो-खोचे दोन खांब वन्संनी शेजारच्या रादेबॉइल गावातल्या एका सुताराकडून करून घेतले आहेत. ते घेऊन त्या ट्राममधून हिंडतात, आणि ट्राममध्ये खांब उभे असतात, वन्संच्या दोन्ही बाजूंना, नात्यातले असल्यासारखे. एकदा एका वयस्कर बाईंनी विचारलं, हे द्राक्षाच्या वेलांसाठी का? रादेबॉइलला द्राक्षमळे आहेत, तेव्हा प्रश्न चुकीचा नव्हता. वन्संनी तिथपासून खो-खो समजावून सांगायला घेतला. साखळी खेळापर्यंत येईतो बाईंचा थांबा मागे पडला होता, आणि त्या तक्रार न करता पुढच्या थांब्यावर उतरल्या, कारण हुलकावणीचा भाग अजून राहिला होता. लग्न का केलं नाही असं आमच्या सासूबाईंनी फोनवर विचारलं की वन्सं म्हणतात, "आई, नऊ जण सांभाळतीय. दहावा कुठं बसवू?"

तर अशा या वन्संच्या संघाचं बरं चाललं होतं. इथल्या पूर्व भागातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मिळून एक साखळी स्पर्धा सुरू केली होती. ड्रेस्डेन, लाइप्झिग, येना, इल्मेनाऊ, केम्निट्झ आणि फ्रायबेर्ग. उन्हाळी सत्रात महिन्यातून एकदा कुठल्यातरी गावी सगळे जमायचे. मुख्य खेळ अर्थात क्रिकेट. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल आणि खो-खो हे त्याच्या आडोशाला. घरात एक मुलगा कमावता असावा आणि बाकीच्यांनी त्याच्या ताटाशेजारी आपली ताटं मांडावीत, तसं ते होतं. इंटरनेटवरून किराणा विकणारा एक व्यापारी क्रिकेटवाल्यांच्या शर्टावर आपलं नाव छापायचा, त्या बदल्यात बसचं आणि मैदानाचं भाडं भरायचा, आणि त्याच बसच्या मागच्या बाकांवर खो-खोचा संघ बसायचा. वन्संना हे फुकट बसणं मनातून खटकायचं. म्हणून त्या पहाटे उठून सगळ्या बससाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करून आणायच्या. "बस तुमची, भाकरी आमची," असं म्हणून स्वतः वाढायच्या. क्रिकेटचा कप्तान ओंकार हा त्या भाकरीचा सगळ्यात मोठा भक्त. नाशिकचा, हसरा, गुणी मुलगा, विद्यार्थी मंडळाचा चिटणीसही तोच. पहिल्याच हिवाळ्यात तापानं फणफणला तेव्हा वन्संनी त्याला आपल्या घरी आणून खिचडी भरवून उभा केला होता.

आणि महालीगची बातमी आणली तीही ओंकारनंच. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत सभा होती. वन्सं वडीलधाऱ्या म्हणून पुढच्या खुर्चीत, मी त्यांच्या शेजारी. ओंकारनं पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की म्युनिककडच्या मंडळींनी नवी लीग काढली आहे. फक्त मोठ्या शहरांचे संघ, चांगली खेळपट्टी, रंगीत कपडे, सामने थेट इंटरनेटवर. लाइप्झिगनं होकार दिला आहे, आणि आपल्यालाही बोलावणं आलं आहे. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. वन्संनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, कारण आपल्या पोरांना कुणीतरी मोठ्यांनी बोलावलं याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बरं ओंकार, मग खो-खो शनिवारी ठेवलाय का रविवारी?"

ओंकार पडद्याकडे पाहायला लागला. "काकू, तिथं फक्त क्रिकेट आहे."

"बरं. आणि इथली स्पर्धा?"

"ती... आपण आणि लाइप्झिग नसलो तर ती तशी राहणार नाही. खो-खोचं बघू आपण काहीतरी."

मराठीत 'बघू' म्हणजे काय, हे जर्मनीत वाढलेल्या माझ्या मुलीलाही कळतं. वन्सं म्हणाल्या, "तू खेळ. तुझं खेळायचंच वय आहे. मला फक्त एवढं सांग, बस कुणाची?"

"महालीगची, काकू," ओंकार हळू आवाजात म्हणाला.

पुढं जे झालं ते पाहता पाहता झालं. दोन मोठे संघ गेल्यावर येनाच्या मुलांनी पश्चिमेकडच्या गटाशी बोलणी केली. इल्मेनाऊ लांब पडलं, बसशिवाय त्यांना येणं जमेना. बॅडमिंटनवाले हुशार, ते गावातल्या क्लबात शिरले. व्हॉलीबॉल कधी बंद पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका रविवारी कुरणावर जाळी दिसली नाही, एवढंच. खो-खोला मात्र जायला दुसरं घर नव्हतं. साऱ्या सॅक्सनीत खो-खोचा क्लब म्हणून जे काही होतं ते वन्संच्या दोन खांबांच्या मधेच होतं. त्या आठवड्यात वन्सं आमच्याकडे आल्या की नुसत्या बसायच्या, आणि त्यांना बसलेलं पाहायची आम्हाला सवय नव्हती. आमच्या ह्यांनी मायेनं सांगून पाहिलं, "ताई, पुरे आता. खूप केलंस. तुझंही वय झालं."

हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात वन्सं, दोन्ही बाजूंना खांब.

"चल, केम्निट्झला."

"वन्सं, आज रविवार आहे."

"म्हणून तर. पोरं खोलीवर सापडतील."

आम्ही गाडीनं केम्निट्झला गेलो. तिथला कप्तान निखिल, लातूरकडचा, उंच, शांत, यांत्रिकीचा विद्यार्थी. त्यानं आम्हाला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "काकू, पाच जण उरलोय. या सत्रानंतर बंद करतोय आम्ही. कुणाशी खेळायचं?" वन्संनी त्याच्या खोलीच्या दारातून वाकून पाहिलं. स्वयंपाकघरात त्याचे दोन जर्मन सोबती भांडी घासत होते. "हे दोघं काय करतात?" "सोबत राहतात." "पळतात का?" निखिलला हसू आलं, आणि तिथंच तो फसला. दुपारपर्यंत दोघंही वसतिगृहामागच्या गवतात गुडघ्यावर बसून पाठीवर खो घ्यायला शिकत होते. परतताना आम्ही फ्रायबेर्गला उतरलो. तिथं खाणशास्त्र शिकणारी मोजकी मुलं-मुली होती. त्यांना वन्संनी एवढंच सांगितलं, "केम्निट्झ तयार आहे. आता तुमच्यामुळं अडलंय." हे वाक्य त्यांनी केम्निट्झलाही, फ्रायबेर्गचं नाव घालून, सांगितलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहाचा कप उचलला.

दरम्यान महालीगचा पहिला सामना ड्रेस्डेनलाच ठरला. ओंकारच्या मनाला टोचणी लागलेली होतीच. त्यानं खटपट करून दोन डावांच्या मधल्या वेळात खो-खोला मैदानाची एक कड मिळवून दिली. वन्संना इतका आनंद झाला की त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या खात्याला आमंत्रण दिलं. केम्निट्झचा संघ आला, खांब रोवले गेले, आणि पहिला खो मिळताच सायली जी सुटली ती पाहून सीमारेषेवर पाय पसरून बसलेली माणसं उठून उभी राहिली. निखिलनं तिला खांबाजवळ अशी हुलकावणी दिली की वडापावच्या रांगेतली माणसं वडापाव सोडून धावत आली. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, म्युनिकहून आलेले, डोळे पुसत म्हणाले, "शाळेत असताना पाहिला होता हो हा खेळ." आन्यानं सूर मारला तेव्हा तर क्रिकेटचे पंचही आमच्या कडेला येऊन उभे होते. मला वाटलं, झालं, आपण वाचलो.

खेळ थांबल्यावर महालीगचा संयोजक वन्संकडे आला. तरुण, चटपटीत, बोलायला गोड. "काकू, कमाल झाली. आम्हाला हे प्रत्येक सामन्यात हवंय. बसही देतो तुम्हाला. फक्त जरा लहान करू या. पाच मिनिटं, मागे संगीत, आणि गुणफलकाची वगैरे भानगड नको. लोकांना नुसतं बघायला मजा येते."

"म्हणजे जिंकलं कोण?" वन्संनी विचारलं.

"सगळेच जिंकले की, काकू."

सायलीनं वन्संची बाही हलकेच ओढली. "काकू, बस देतायत ते. आपल्याला बस मिळेल." सगळा संघ वन्संच्या तोंडाकडे पाहत होता. मीही पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, वन्सं, हो म्हणा. बाईला एवढ्या लोकांच्या टाळ्या पुन्हा कधी मिळणार होत्या? वन्संनी कपाळावरचा घाम मातीच्या हातानं पुसला. मग त्या संयोजकाला शांतपणे म्हणाल्या, "पोरा, गुण मोजायचे नसतील तर यांनी पळायचं कशासाठी?" आणि खांब उपटायला वाकल्या.

संघ रुसला. दोघं-तिघं त्या दिवशी त्यांच्याशी बोललेही नाहीत. ट्रामपर्यंत एक खांब ओंकारनं उचलून आणला. मग चाचरत म्हणाला, "काकू, रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू? दुसऱ्या षटकातला तो फटका छान मारलास. पाय मात्र उशिरा हलतो तुझा," वन्सं म्हणाल्या, आणि ट्रामचं दार बंद झालं.

त्यानंतर वन्संनी जी धावपळ केली ती पाहून मला माझ्याच वयाची लाज वाटायला लागली. ड्रेस्डेन, केम्निट्झ, फ्रायबेर्ग, तीन गावं आणि तीन संघ, एवढीच लीग. प्रवास आपापल्या मासिक तिकिटावर, साध्या गाडीनं. फ्रायबेर्गला एका शाळेच्या मैदानाची परवानगी त्यांनी तिथल्या व्यायामशिक्षकाला जेवायला बोलावून मिळवली. नऊ जण आता कुणाकडेच पुरे पडत नव्हते, म्हणून सात जणांचा खेळ ठरला. पंच मिळेना, कारण नियम जाणणारं माणूस एकच. तेव्हा ड्रेस्डेनची प्रशिक्षकही वन्सं आणि पंचही वन्सं. याला केम्निट्झनं हरकत घेतली नाही आणि फ्रायबेर्गनं घेतली नाही. हरकत घेतली ती फक्त सायलीनं. "काकू, तुम्ही पंच असलात की आपल्यालाच जास्त फाऊल देता."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे शेवटच्या सामन्यात कळलं. फ्रायबेर्गचं मैदान, ऊन छान पडलेलं, आणि ड्रेस्डेन विरुद्ध केम्निट्झ. बघायला आम्ही मोजकी माणसं, शिक्षकाचं कुटुंब आणि कुंपणापलीकडे आपला कुत्रा घेऊन थांबलेले एक आजोबा. पण असा सामना मी महालीगच्या गर्दीतही पाहिला नाही. निखिलच्या त्या दोन जर्मन सोबत्यांनी पहिल्या डावात आमच्या पोरांना नाचवलं. दुसऱ्या डावात आन्यानं पाठोपाठ गडी बाद करून अंतर कापत आणलं. शेवटाला केम्निट्झचा एक गुण वर, त्यांच्याकडून मैदानात एकटा निखिल, आणि त्याच्या मागे सायली. तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत होता. ती खो देत होती, पुन्हा खो घेऊन उठत होती, पुन्हा देत होती, आणि दर खोला "खो" हा शब्द आमच्या सगळ्यांच्या घशातून निघत होता. कुत्रा भुंकायला लागला. आमचे हे, ज्यांनी ताईला पुरे म्हणून सांगितलं होतं, ते रेषेच्या आत जाऊन हातवारे करत होते. निखिल खांबाकडे सुटला, सायलीनं सूर मारला आणि जमिनीला समांतर जाऊन त्याच्या टाचेला बोटं लावली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. बरोबरी झाली होती.

आणि शिट्टी वाजली. वन्संचा हात फाऊलचा.

"खांदा वळला होता. सूर मारायच्या आधी ती मागे वळली, पाठलाग करणाऱ्याला ते चालत नाही. गडी बाद नाही," त्या म्हणाल्या. वेळ संपली होती. केम्निट्झ एका गुणानं जिंकलं होतं.

सायली धुळीनं माखलेली उठली, डोळ्यांत पाणी. "काकू, कुणी बघितलं पण नव्हतं."

"मी बघितलं की," वन्सं म्हणाल्या.

पलीकडे निखिल जमिनीवर उताणा पडला होता आणि त्याचा सगळा संघ त्याच्या अंगावर. या शांत पोराला इतक्या मोठ्यानं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. उठल्या उठल्या तो वन्संकडे आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, पुढच्या वर्षी तुमच्या कुरणावर येऊन हरवतो तुम्हाला."

"ये की. मैदान तयार ठेवते," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच पाठ फिरवून खांबापाशी उगाचच वाकल्या. त्यांचा चेहरा मला दिसला. आपला संघ हरलेल्या प्रशिक्षकाचा तो चेहरा नव्हता.

गाडीत मी त्यांना हळूच विचारलं, "वन्सं, खरं सांगा. केम्निट्झनं संघ बंद करू नये म्हणून दिलात का तो फाऊल?" त्या इतक्या संतापल्या की ड्रेस्डेन येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. उतरताना फक्त एवढं म्हणाल्या, "खांदा वळला होता." तेव्हापासून मी तो विषय काढलेला नाही.

पुढच्या सत्रात महालीगनं संघ कमी केले. मोठ्यांतही लहानमोठं असतंच, आणि त्यात ड्रेस्डेनचं नाव गळलं. ओंकारनं हे आम्हाला येऊन सांगितलं नाही. एका संध्याकाळी तो कुरणाच्या कडेला नुसता येऊन उभा राहिला. वन्संनी त्याच्याकडे पाहिलं, रांगेतली एक मोकळी जागा दाखवली आणि म्हणाल्या, "बस खाली." तो बसला. त्याचा पाय अजूनही उशिराच हलतो, आणि वन्सं त्याला ते दर रविवारी सांगतात.

पण विद्यार्थ्यांचा संघ म्हणजे काही नांदतं घर नव्हे. माणसं शिकायला येतात आणि शिकली की जातात. सायलीला दूर दक्षिणेत नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली. जाताना तिनं वन्संना मिठी मारली आणि तो फाऊल फाऊल नव्हता असं शेवटचं बजावून गेली. फ्रायबेर्गची मुलंही पांगली. कुणी नॉर्वेला खाणीवर, कुणी परत पुण्याला, आणि नवी आलेली मुलं मोजायला बसलं तर संघ होत नव्हता. शाळेच्या त्या शिक्षकानं दोन-तीनदा विचारलं, मैदान राखून ठेवू का. मग त्यानंही विचारणं सोडलं. आता ड्रेस्डेन आणि केम्निट्झ, हे दोघंच. दर महिन्याला तेच एकमेकांशी खेळतात, एकदा इथं, एकदा तिथं. कोण कुठल्या खांबाशी कुठली हुलकावणी देणार हे दोन्हीकडच्यांना पाठ झालं आहे, तरी गुण मोजले जातात आणि हरलेला संघ खरोखरच चिडतो.

गेल्या रविवारी आम्ही केम्निट्झहून परतत होतो. जिंकलो होतो. मुलं दमून सीटवर कशीही झोपली होती. बाहेर अजून उजेड होता, थारांटचं जंगल अजून यायचं होतं. वन्सं खिडकीशी बसल्या होत्या. गाडी फ्रायबेर्गला थांबली. दारं उघडली. फलाटावर एक सायकल टेकून ठेवलेली होती आणि एक बाई फोनवर बोलत होती. आमच्या डब्यात कुणी चढलं नाही. वन्सं फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत राहिल्या, जणू जिन्यावरून कुणीतरी धावत येईल आणि गाडी पकडेल. दारं मिटली.

"दोघंच उरलो की गं," त्या म्हणाल्या.

गाडी हलली. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच, खिडकीकडे पाहतच, म्हटलं, "पण दोघं असले की सामना होतो."